दुखण्याच्या वहींतील दुसरा रकाना

जमाखर्चाची वही ठेवण्याची चाल ज्या एकत्र कुटुंबांत अद्याप टिकून आहे, तेथील कर्त्या पुरुषास किंवा गृहिणीस आमचें म्हणणें चटकन् पटेल. दूध, किराणा, मुलांची फी, लग्नकार्यांतील आहेर यांच्या रकमा जशा वहींत ओळीनें पडतात, तशीच 'औषधपाणी' म्हणून एक ओळ पडते. दूध किती आलें आणि त्याचें काय झालें, हें घरांतील पोरासहि सांगतां येतें. परंतु औषधपाण्यावर वर्षाकाठीं जें खर्चिलें, त्याच्या बदल्यांत पदरांत काय पडलें, कोणत्या खर्चानें माणूस उठून बसला, कोणता खर्च पाण्यांत गेला आणि कोणत्या खर्चानें उलट नवें दुखणें विकत घेतलें, ह्याचा रकाना आमच्या पाहण्यांतल्या एकाहि वहींत नाहीं.

घरगुती वहीचें सोडून द्या. ज्यांचा धंदाच रोग बरे करण्याचा, त्यांच्यांतहि हा दुसरा रकाना भरणारीं माणसें विरळा. कोणतें औषध शरीरांत काय करतें हें शोधणारे विद्वान् पुष्कळ आहेत. रुग्णालयाच्या बिलाची बेरीज करणारे कारकूनहि आहेत. पण एका हातीं रोग्याची नाडी आणि दुसऱ्या हातीं त्याच्या खर्चाचा हिशेब धरून, 'इतके पैसे गेले, त्यांत इतके जीव वांचले. त्याहून कमी पैशांत त्याहून अधिक वांचतील काय?' असा प्रश्न विचारणारा डॉक्टर हा निराळा प्राणी होय. असे थोडे लोक आपल्या महाराष्ट्रांत निपजले आहेत. त्यांच्या कामाची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि ती परभणीसारख्या जिल्ह्याच्या पायरीवर उभें राहून करून द्यावी, असा आमचा विचार आहे.

परभणीच कां? तर जेथें पैसा कमी आणि वाट लांब, तेथेंच ह्या हिशेबाची खरी कसोटी लागते. १९९९ सालीं हिंगोली वेगळी झाल्यावर उरलेला हा नऊ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती १८ लाख ३६ हजार भरली. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर, दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा, आणि मधून पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके शिंपीत गोदावरी जाते. जनाबाईचें गांव म्हणून गंगाखेड आमच्या वाचकभगिनींस ठाऊक असेलच. जमीन काळी, पिकें कापूस, सोयाबीन, ज्वारीचीं. १९७२ पासून कृषिविद्यापीठ परभणीस आहे. पण पाऊस आपल्या लहरीचा, आणि पुष्कळशा कुटुंबांचें पोट दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर किंवा ऊसतोडीच्या कोयत्यावर. अशा घरांतील माणूस आजारी पडला म्हणजे प्रथम गांवांतील डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचें गांव, मग परभणी. आणि तेथेंहि निभावलें नाहीं तर नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगर, अशा पायऱ्या चढत जावें लागतें. प्रत्येक पायरीवर गाडीभाडें आहे, सोबत्याच्या भाकरीचा प्रश्न आहे, आणि दोघांचीहि मजुरी बुडते ती निराळीच.

हा बोजा किती, हें मोजून पाहतां येतें. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरींत (२०१७-१८) असें आढळलें कीं भारताच्या खेड्यांतील माणसास बाळंतपणाखेरीज अन्य कारणानें एकदां सरकारी रुग्णालयांत रहावें लागलें, तर सरासरीनें ४,२९० रुपये पडत; खासगी रुग्णालयांत तोच आंकडा २७,३४७. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसास २०१ रुपये होती. आम्हीं सहज भागाकार करून पाहिला. सरकारी खाटेवरील एका आजारपणास २१ दिवसांची मजुरी लागते, खासगी खाटेवर १३६ दिवसांची. त्या वेळच्या केंद्रीय कायद्यानें वर्षांतून १०० दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती! म्हणजे वर्षाची सगळी हमी एका दुखण्यांत वाहून जाऊन वर ३६ दिवसांचें कर्ज उरावें, असा हा मामला. सरासरी ही फसवी असते हें आम्ही जाणतों. कोणाचें हजारांत भागतें, कोणाचें शेत जातें. पण ज्याचें शेत जातें त्यास सरासरीचें समाधान काय?

आतां ज्या डॉक्टरांविषयीं सांगावयाचें, त्यांतील पहिले मराठवाड्याचेच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालीं भोकरदन तालुक्यांतील देहेड ह्या खेड्यांत झाला. १९८१ सालीं जो जालना जिल्हा बनला त्यांत हें गांव आज मोडतें. परभणीचा परतूर तालुका त्याच वेळीं त्या जिल्ह्यास जोडला गेला, तेव्हां हा माणूस परभणीकरांच्या शेजघरचाच म्हणावा. गरिबींतून शिकत शिकत त्यांनीं नागपुरास वैद्यकीची पदवी घेतली. १९७६ सालीं ते कोंकणांत महाडजवळ बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. बदलीच्या दृष्टीनें पाहतां ही जागा म्हणजे शिक्षाच. पण ह्याच जागीं त्यांस त्यांच्या आयुष्याचें काम सांपडलें.

त्या भागांत तांबडा विंचू फार. भाताच्या पेंढ्यांत, जळाऊ लांकडांच्या ढिगांत, दगडी बांधांत तो असतो, आणि त्याची नांगी लागते ती अनवाणी चालणाऱ्यास, कामकरी बाईस, अंगणांत खेळणाऱ्या पोरास. बूट घालून फरशीवर वावरणाऱ्यास विंचू सहसा भेटत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं विंचू चावला म्हणजे रात्रभर ठणका, सकाळीं आराम. तांबड्या विंचवाच्या बाबतींत ही समजूत प्राणघातक आहे. धडधाकट मूल संध्याकाळीं दंश होऊन येई आणि कांहीं तासांतच धापा टाकीत, तोंडास फेंस येऊन डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मरून जाई. पाठ्यपुस्तकांत ह्या विषयास फारशी जागा नव्हती. मांत्रिक होता, तो मंत्र टाकी. डॉक्टर होता, तो वेदनेवर सुई टोंची. मरण दोघांच्याहि हातीं सारखेंच येई.

तरुण डॉक्टरानें काय केलें? यंत्रें नव्हतीं, प्रयोगशाळा नव्हती. तेव्हां त्यानें डोळे आणि वही वापरली. रोग्याच्या उशाशीं बसून, दंश केव्हां झाला, घाम केव्हां फुटला, वांत्या किती झाल्या, हातपाय गार केव्हां पडले, नाडी किती, रक्तदाब किती, हें तो तासातासानें टिपून ठेवूं लागला. ह्या टिपणांतून एक क्रम दिसूं लागला. विषानें शरीरांतील विशिष्ट द्रव्यांचा एकाएकीं पूर येतो, त्यामुळें रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण पडतो, आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचून रोगी गुदमरतो. म्हणजे मारतें तें प्रत्यक्ष विष नव्हे इतकें विषानें घडविलेलें हें आंतलें वादळ. अतिशय घाम, वांत्या आणि गार पडलेले हातपाय हीं त्या वादळाचीं आधींचीं चिन्हें होत, हें त्यांनीं दाखविलें, आणि १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानें तें छापलें. खेड्यांतील सरकारी दवाखान्यांत लिहिलेलीं टिपणें तेथवर पोंचलीं, ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें. पण ह्याहून मोठें काम पुढेंच होतें.

रोगाचें वर्म कळलें म्हणजे उपाय सुचतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें औषध द्यावयाचें. प्रथम त्यांनीं शिरेंतून थेंबाथेंबानें देण्याचें एक औषध वापरलें. तें प्रभावी खरें, पण त्यावर क्षणोक्षणीं नजर ठेवावी लागते. थेंब चुकला तर रक्तदाब कोसळतो. मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत हें ठीक. पण डोंगरांतून डोलींत घालून आणलेल्या पोरास अतिदक्षता विभाग कोठला? मग त्यांनीं प्राझोसिन नांवाची गोळी घेतली. ही गोळी रक्तदाबाच्या विकारासाठीं आधींच बाजारांत होती, स्वस्त होती, आणि मुख्य म्हणजे पोटांत घ्यावयाची होती. तिचा अनुभव त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं १९८६ सालीं त्याच लॅन्सेटमध्यें प्रसिद्ध केला. १९८४ पूर्वीं पश्चिम भारतांत अशा गंभीर दंशांत फुप्फुसांत पाणी साचून शेंकडा २५ ते ३० रोगी दगावल्याचे वृत्तान्त आहेत. प्राझोसिनची चाल पडल्यावर तें प्रमाण शेंकडा एकाहून खालीं उतरलें. आमच्या वाचकांनीं हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पहावे आणि मध्यें त्या गोळीची किंमत मांडावी. (ही गोळी घरच्या कपाटांत ठेवून आपल्या मतानें देण्याची मात्र नव्हे, ती रक्तदाब उतरविते, आणि डॉक्टराच्या देखरेखीवांचून ती देणें धोक्याचें आहे. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे घालविलेला तासहि तितकाच धोक्याचा.)

ह्या गृहस्थाची आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून एक लसहि पुढें मिळूं लागली. ज्याचें नांव एका गोळीशीं जगभर जोडलें गेलें, त्यानें त्या लशीस नाकें मुरडलीं असतीं तर तें मनुष्यस्वभावास धरूनच झालें असतें. पण डॉ. बावस्कर पतिपत्नींनीं ७० रोगी घेतले, अर्ध्यांस नुसती गोळी दिली, अर्ध्यांस गोळी आणि लस दोन्ही, आणि फल मोजलें. दहा तासांनीं नुसत्या गोळीच्या ३५ पैकीं ८ रोगी पूर्ण बरे झाले होते. दोन्ही दिलेल्या ३५ पैकीं ३२. हा निकाल त्यांनीं २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें जसाच्या तसा छापला. मजुरास रुग्णालयांतून एक दिवस आधीं सुटी मिळाली तर त्या दिवसाचा रोज वांचतो, हेंहि फलच नव्हे काय? २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

स्वस्त औषध शोधणाऱ्या माणसाची महागड्या चालींशीं गांठ पडणें अपरिहार्यच होतें. २०१३ सालीं एका तपासणी केंद्राकडून त्यांस १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनीं एका रोग्यास तेथें तपासणीसाठीं पाठविलें होतें, त्याचें हें इनाम! धंद्यांतील भाषेंत ह्यास 'कट' म्हणतात. डॉक्टर बावस्करांनीं तो चेक परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रीतसर तक्रार नोंदविली. ह्या प्रकारानें बरीच खळबळ माजली, आणि २०१७ सालीं कटप्रथा बंद करण्यासाठीं राज्यांत एका कायद्याचा मसुदाहि तयार झाला. आमच्या मतें ह्यांतील मर्म नुसत्या नीतीचें नाहीं, हिशेबाचेंहि आहे. तो १,२०० रुपये येतो कोठून? केंद्राच्या मालकाच्या खिशांतून नव्हे; रोग्याच्या बिलांत तो आधींच मिळविलेला असतो. म्हणजे रोगी जें मोजतो त्यांतील एक भाग त्याच्या बरें होण्याशीं संबंधच नसलेला असतो. दुसरा रकाना ठेवला तर ही रक्कम त्यांत कोठें मांडणार?

ह्या दुसऱ्या रकान्याचें सर्वांत नीटस काम मात्र झालें तें महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, गडचिरोलीस. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हें दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन परतलें आणि १९८६ सालीं त्या अरण्यप्रदेशांत जाऊन राहिलें. 'सर्च' ही त्यांची संस्था. तेथें त्यांनीं खेडीं दोन भागांत विभागलीं. एका भागांत नवा उपाय करावयाचा, दुसरा तुलनेसाठीं जसाच्या तसा ठेवावयाचा, आणि दोन्हीकडचे जन्म व मृत्यु घरोघर जाऊन मोजावयाचे. वाचकांस हें सोपें वाटेल. पण आपल्या देशांत मुलें मेलेलीं मोजणें हेंच किती अवघड, हें पुढें २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' ह्या त्यांच्या अहवालानें उभ्या महाराष्ट्रास दाखविलें. सरकारी दप्तरांतील आंकडा आणि प्रत्यक्ष घरांतून उठलेलीं अर्भकें यांत फार मोठें अंतर निघालें. ज्या मुलाची मृत्यूची नोंदच नाहीं, त्याच्यासाठीं औषधाची मागणी कोणत्या कागदावर व्हावी?

लहान मुलांस होणाऱ्या न्यूमोनियावरील त्यांचा प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाला. तो आम्हांस एखाद्या सुगृहिणीच्या कारभारासारखा वाटतो. न्यूमोनिया ओळखावयास छातीचें क्ष-किरण चित्र पाहिजे, डॉक्टर पाहिजे, असा सार्वत्रिक समज. पण मूल मिनिटास किती श्वास घेतें हें मोजलें तरी पुष्कळ कळतें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० वा अधिक, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आंतील बाळाचे ५० वा अधिक श्वास भरले तर तें धोक्याचें. गांवांतील सुईणीस साठापर्यंत अंक येत नसत. मग तिच्यासाठीं मण्यांची एक पाटी बनविली. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा आणि शेजारीं एका मिनिटाची वाळूची घडी उलटून ठेवावयाची. वाळू संपण्याआधीं तांबडा मणी आला तर औषध सुरू. जपमाळ ओढणाऱ्या हातांस मणी सरकविणें काय शिकवावें! अशा रीतीनें निरक्षर सुईणींनीं, गांवच्या आरोग्यसेवकांनीं ६१२ आजारी मुलांवर उपचार केले. त्यांत दगावलीं शेंकडा ०.८. तुलनेसाठीं राखलेल्या गांवांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकीं शेंकडा १३.५ दगावलीं. पांच वर्षांच्या आंतील दर हजार मुलांमागें न्यूमोनियानें होणारे मृत्यु उपचाराच्या गांवांत ८.१ आणि दुसरीकडे १७.५ होते. आणि औषधाचा खर्च? दर मुलामागें वर्षाला अमेरिकन अडीच सेंट. वांचलेल्या दर मुलामागें २.६४ डॉलर. त्या वेळच्या भावानें सुमारें ४५ रुपये.

पंचेचाळीस रुपयांत एक मूल! ह्या एका वाक्यांत खर्च आणि फल हे दोन्ही रकाने भरलेले आहेत. पुढें त्यांनीं ह्याच पद्धतीनें नवजात बालकांकडे लक्ष वळविलें. गांवांतीलच थोडें शिकलेल्या बायकांस 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. बाळास उबेंत ठेवणें, त्याचें वजन घेणें, श्वास अडला तर तो चालू करणें, जंतुदोष ओळखून इंजेक्शनसुद्धां देणें, हें सारें त्या बाळंतिणीच्या घरीं जाऊन करीत. बाळंतिणीच्या खोलींत परक्या पुरुष डॉक्टरास शिरकाव नसतो. पण गांवच्या लेकीसुनेस कोण अडवणार? १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३९ गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून २५.५ वर आलेलें दिसतें. खर्च दर बाळामागें ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांची अशी सेवा केली म्हणजे एक मृत्यु टळे. गुणाकार केला तर एका प्राणाची किंमत ९५ डॉलरांच्या आसपास पडते. २०११ सालीं भारत सरकारनें ही पद्धति देशभर घेतली. आज परभणी जिल्ह्यांतील खेड्यांत बाळंतिणीच्या दारीं 'आशा' ताई वजनकांटा घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशीं ज्या येतात, त्यांच्या त्या फेऱ्यांचें मूळ हें असें गडचिरोलीच्या वहींत आहे. सासूबाईंनीं तिला उंबऱ्याबाहेरून परत पाठवूं नये, एवढें ह्या निमित्तानें सुचवूं द्या.

डॉ. राणी बंग यांच्या एका पाहणीचाहि येथें उल्लेख करणें आम्हांस अगत्याचें वाटतें, कारण ती आमच्या घराघरांतील मौनाशीं संबद्ध आहे. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनीं तपासणी केली. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यांपैकीं पूर्वीं कधीं तशी तपासणी झालेल्या शेंकडा ८. हे आंकडे १९८९ सालीं लॅन्सेटमध्यें आले. ह्या बायकांच्या दुखण्याचा वहींतील खर्च पाहूं गेलें तर तो शून्य! शून्य खर्चास आपण काटकसर म्हणतों. येथें तर ती सोसणूक होती. स्वस्ताई आणि उपेक्षा ह्या वहीच्या एकाच रकान्यांत सारख्याच दिसतात, म्हणून तर दुसरा रकाना हवा.

इतका वेळ आम्ही गोळी, मणी आणि सुईण यांविषयीं बोललों. पण हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, भाजलेला माणूस हे मण्यांच्या पाटीनें सुटणारे प्रश्न नव्हेत. तेथें पैसाच लागतो, आणि तो रोग्याकडे नसतो. शेजारच्या कर्नाटक राज्यानें २०१० सालीं आपल्या उत्तर भागांत, म्हणजे बिदर-गुलबर्ग्याच्या बाजूस, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीं अशा मोठ्या आजारांचा खर्च सरकारनें भरण्याची योजना सुरू केली. बिदर आणि परभणी हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे. दोन्हींकडची गरिबी एकमेकींस ओळखते. योजना राज्याच्या अर्ध्याच भागांत असल्यामुळें तिच्या सीमेवर आपोआपच दोन प्रकारचीं गांवें तयार झालीं. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ नीरज सूद, स्टॅनफर्डचे डॉक्टर एरान बेंडाविड आणि त्यांचे सहकारी यांनीं योजनेंतील ३०० आणि योजनेबाहेरचीं परंतु तशाच स्थितीचीं २७२ गांवें निवडून सुमारें ६० हजार कुटुंबांची विचारपूस केली. २०१४ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. योजनेंत मोडणाऱ्या आजारांनीं मरणाऱ्यांचें प्रमाण गरीब कुटुंबांत शेंकडा ०.३२ आणि सीमेपलीकडच्या गरीब कुटुंबांत शेंकडा ०.९० होतें, शिवाय रुग्णालयांत रहावें लागल्यावर खिशांतून जाणारा पैसा शेंकडा ३४ नीं कमी. अशा सरकारी योजनांस नांवें ठेवण्याची आपल्याकडे फॅशन आहे, आणि कित्येकदां त्या त्यास पात्रहि असतात. पण हे आंकडे पाहून टीकाकारानें क्षणभर थांबावें.

आपल्याकडे अशीच योजना राजीव गांधींच्या नांवानें २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. परभणीस ती २०१३ च्या नोव्हेंबरांत आली. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचें नांव आहे. शेतीच्या संकटानें गांजलेल्या १४ जिल्ह्यांत परभणी धरली गेल्यामुळें येथील पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांसहि, सात-बारा दाखवून, तिचा लाभ मिळूं लागला. २०२३ च्या शासननिर्णयानें ती सर्वच कुटुंबांस खुली झाली आणि मर्यादा ५ लाखांची ठरली.

तथापि ह्या योजनांची एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या रुग्णालयांतील खाटेपासून सुरू होतात. ज्यास खाट लागत नाहीं पण जन्मभर गोळी लागते, त्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोग्याची औषधें त्यांत येत नाहींत. सुरुवातीच्या तपासण्या येत नाहींत. गाडीभाडें आणि बुडालेली मजुरी तर नाहींच. वस्तुतः सामान्य कुटुंबाचा खिसा अशाच बारीकसारीक छिद्रांतून अधिक गळतो. देशाच्या एकंदर आरोग्यखर्चापैकीं लोकांच्या खिशांतून थेट जाणारा भाग २०१३-१४ सालीं शेंकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ सालीं शेंकडा ३९.४ वर आला, असें सरकारी लेखे सांगतात. उतार मोठा आहे. पण जिंतूरच्या एखाद्या वाडीवरील म्हाताऱ्यानें रक्तदाबाची गोळी महिनाभर टाळली, तर त्याचा खिशांतला खर्च घटलेलाच दिसणार. त्यानें गोळी टाळली कीं त्याला ती फुकट मिळाली, हें त्या शेंकड्यांच्या आंकड्यास कसें कळावें? त्याच्या ओसरीवर बसून विचारणारा कोणी पाहिजे.

२०२३ सालीं परभणीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तेथें पहिल्या वर्षीं दाखल झालेलीं मुलें-मुली शिकून बाहेर पडतील तेव्हां त्यांपैकीं कांहीं जिंतूर, पालम, सोनपेठच्या आरोग्य केंद्रांत रुजू होतील. बिरवाडीस गेलेल्या त्या तरुण डॉक्टराजवळ जेवढीं साधनें होतीं, त्यांहून अधिक त्यांच्याजवळ असतील. पेटींत रक्तदाबाचें यंत्र असेल, खिशांत दूरध्वनि असेल, कपाटांत प्राझोसिन असेल. रात्रीं दहा वाजतां एखादा बाप कापसाच्या शेतांतून पोरास खांद्यावर टाकून येईल. पोराचे हातपाय गार, अंगास दरदरून घाम. उपचार झाल्यावर दंश किती वाजतां झाला, घाम केव्हां फुटला आणि येथवर यावयास गाडीवाल्यानें किती घेतले, हे तिन्ही प्रश्न त्या बापास विचारून तिन्ही उत्तरें लिहून ठेवणारा हात त्यांतील किती जणांजवळ असेल, हें पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.